खालच्या जबड्याचा खुला अस्थिभंग : स्वरूप व उपचार
(नांदेड व लातूर जिल्ह्यांच्या विशेष संदर्भात)

प्रस्तावना :
नांदेड व लातूर हे मराठवाड्यातील शेतीप्रधान जिल्हे आहेत. दुचाकीचा अपघात, ट्रॅक्टर किंवा बैलगाडीवरून पडणे, जनावराची लाथ लागणे व मारामारी ही येथे चेहऱ्याच्या हाडांना इजा होण्याची संभाव्य कारणे होत. चेहऱ्यावर जखम दिसत नसल्यास ‘मुका मार आहे, सूज उतरेल’ असा समज करून घेतला जातो. हा समज घातक ठरू शकतो. प्रस्तुत लेखात त्याची कारणमीमांसा केली आहे.

खुला अस्थिभंग म्हणजे काय ?
मोडलेल्या हाडाचा बाहेरील वातावरणाशी संबंध आल्यास त्यास खुला अस्थिभंग म्हणतात. हात-पायांच्या बाबतीत त्यासाठी त्वचा फाटावी लागते. जबड्याच्या बाबतीत तसे नाही. दाताचे मूळ हाडाच्या खोबणीत बसलेले असते. दात असलेल्या भागातून भंगरेषा गेल्यास हिरडी व दाताभोवतीच्या फटीतून लाळ आणि तोंडातील जंतू थेट हाडापर्यंत पोहोचतात. म्हणून त्वचा शाबूत असली तरी असा अस्थिभंग खुलाच समजावा लागतो.

लक्षणे :
१) वरचे व खालचे दात पूर्वीप्रमाणे न जुळणे.
२) हिरडी फाटणे, दातांच्या रांगेत पायरी पडणे.
३) जिभेखाली काळेनिळे रक्त साकळणे.
४) खालचा ओठ व हनुवटी बधिर होणे.
खालचा जबडा कमानीसारखा असल्याने तो अनेकदा दोन ठिकाणी मोडतो. हनुवटीवर मार बसला असता कानाजवळील सांध्याचे हाडही तपासणे आवश्यक ठरते.

प्राथमिक उपचार :
सर्वप्रथम श्वासमार्ग मोकळा ठेवावा. हनुवटीच्या दोन्ही बाजूंस हाड मोडल्यास जीभ मागे पडून श्वास कोंडू शकतो. त्यामुळे शुद्धीवर असलेल्या रुग्णास पुढे झुकवून बसवावे. बेशुद्ध रुग्णास मान सांभाळून कुशीवर वळवावे. तोंडातील रक्त व तुटलेले दात काढावेत. डोके व मानेच्या इजेची शंका नेहमी घ्यावी. महाराष्ट्रात २०१४ पासून १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा सुरू आहे. तिचा वापर करावा. जबडा चोळणे किंवा ओढून ‘बसवणे’ कटाक्षाने टाळावे.

रुग्णालयीन उपचार :
सुमारे ३६०० वर्षांपूर्वीच्या एडविन स्मिथ या इजिप्शियन पपायरसमध्ये जखम व ताप असलेला जबड्याचा अस्थिभंग उपचारापलीकडचा मानला आहे. त्यामागील कारण जंतुसंसर्ग हेच असावे. आज प्रतिजैविके, धनुर्वाताची लस व जखमेची स्वच्छता यांनी उपचारास आरंभ होतो. त्यानंतर दात योग्य रीतीने जुळवून हाड स्थिर केले जाते. यासाठी दोन मार्ग आहेत. पहिल्यात वरचे व खालचे दात तारांनी साधारणतः चार ते सहा आठवडे बांधतात. दुसऱ्यात तोंडाच्या आतून छेद घेऊन टायटॅनियमच्या लहान पट्ट्या स्क्रूने बसवतात. फ्रान्समधील मिशले (१९७३) व शाम्पी (१९७८) यांच्या कार्यामुळे ही पद्धत रूढ झाली. तिच्यामुळे रुग्णास तोंड लवकर उघडता येते. भंगरेषेतील प्रत्येक दात काढावा लागत नाही. मूळ मोडलेला, फार हलणारा किंवा संसर्ग झालेला दात मात्र काढतात.

या काळात पेज, वरणाचे पाणी, दूध, ताक असा आहार द्यावा. प्रत्येक वेळी तोंड स्वच्छ करावे. तंबाखू पूर्णतः वर्ज्य करावी. तिच्यामुळे जखम भरण्यास विलंब होतो. दात बांधलेल्या रुग्णाजवळ तार कापण्याची कात्री असावी. उलटी झाल्यास तिचा उपयोग होतो.

विलंबाचे परिणाम :
उपचार लांबल्यास पू होणे, हाडाचा दाह, हाड न जुळणे किंवा वाकडे जुळणे हे परिणाम संभवतात. वाकड्या जुळलेल्या जबड्याने भाकरी चावणेही कठीण होते. नांदेड येथे डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, तर लातूर येथे विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्था आहे. दोन्ही शहरांत दंत महाविद्यालयेही आहेत. खर्चाच्या भीतीने रुग्णाने घरी थांबू नये. शासकीय योजनेचा लाभ मिळेल काय, याची चौकशी रुग्णालयातील आरोग्यमित्राकडे करावी.

निष्कर्ष :
त्वचेवर जखम नाही म्हणून जबडा सुरक्षित आहे, असे मानता येत नाही. दात जुळत नसतील व हिरडीतून रक्त येत असेल, तर तो खुला अस्थिभंग समजून त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. टोपीवजा हेल्मेट हनुवटीचे रक्षण करीत नाही. त्यामुळे पूर्ण चेहरा झाकणारे हेल्मेट वापरणे हाच प्रतिबंधाचा उत्तम मार्ग होय.