काल रॅम टाकली, आज डिस्प्ले नाही

कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात गिऱ्हाइकाला काउंटर दिसतो. खरं काम पडद्यामागच्या टेबलावर चालतं. तिथे एक खात्रीचा एसएमपीएस असतो, प्रत्येक जातीची एकेक तपासलेली रॅम, एक साधं ग्राफिक्स कार्ड, मॉनिटर, चिमटा, ब्रश आणि शाळेतलं खोडरबर. बाहेर कॅबिनेट ठेवणारा माणूस सहसा म्हणतो, "काही केलं नाही हो, आपोआप बंद पडला." चहा निम्मा झाला की खरं कळतं. काल रात्री रॅम टाकली, किंवा ऑनलाइन मागवलेलं कार्ड बसवलं, आणि त्यानंतर पडदा काळा झाला.

या टेबलावर इतकी वर्षं काढल्यावर माझं एक मत ठाम झालं आहे. नवा भाग बसवल्यावर मशीन उठलं नाही, तर बहुतेकदा नवा भाग चांगला असतो आणि जुनं मशीनही जिवंत असतं. बिघाड त्या दोघांच्या मधल्या जागेत असतो. वायर, स्लॉट, सेटिंग, वीज यांपैकी काहीतरी नव्या पाहुण्यासाठी तयार नसतं. ती जागा शोधायला अवजारांआधी माणसाची हकीकत लागते. म्हणून आमच्याकडे कामाला लागलेल्या पोराला मी पहिला धडा हाच देतो : गिऱ्हाइकाला "कोणी उघडला होता?" असं दरडावून विचारायचं नाही. "काका, शेवटचा नीट कधी चालला, आणि त्यानंतर आत काय नवीन आलं?" एवढंच विचारायचं. दोष दिला जात नाही हे कळलं की लोक सगळं सांगतात.

बीप मारतोय ना, मग जिवंत आहे

बटण दाबल्यावर कॉम्प्युटर आधी स्वतःची तपासणी करतो. १९८१ साली आयबीएमचा पहिला पीसी आला तेव्हापासून ही रीत आहे. तपासणी नीट पार पडली की त्या पीसीचा स्पीकर एक छोटी बीप द्यायचा. एक लांब आणि दोन छोट्या बीप आल्या की डिस्प्लेच्या कार्डाकडे बघायचं, हे आमच्या पिढीतल्या प्रत्येक मेकॅनिकला पाठ आहे.

आता बऱ्याच बोर्डांबरोबर स्पीकर येत नाही. त्याऐवजी बोर्डाच्या कडेला प्रोसेसर, रॅम, ग्राफिक्स आणि बूट असे चार छोटे दिवे असतात. जो दिवा पेटून राहील तिथे गाडी अडली. तरी जुना उपाय मला आजही भरवशाचा वाटतो. छोटा स्पीकर लावायचा, सगळी रॅम काढायची आणि बटण दाबायचं. बोर्ड बीप मारून तक्रार करू लागला, तर बोर्ड आणि प्रोसेसर शाबूत आहेत. "बोर्ड गेला" असं ऐकून हिरमुसून आलेल्या माणसासमोर हा आवाज काढून दाखवला की त्याचा चेहरा उजळतो.

रॅमच्या किश्शांत निम्म्याहून अधिक वेळा ती पूर्ण बसलेलीच नसते. एका बाजूची क्लिप लागलेली, दुसरी अर्धवट. नवीन माणूस जोर लावायला घाबरतो आणि ती भीती समजण्यासारखी आहे. जुनी रॅम असेल तर सोनेरी पट्टीवर खोडरबर हलक्या हाताने फिरवायचं आणि कण ब्रशने झटकायचे. कोकणातल्या खाऱ्या, दमट हवेतून आलेल्या मशीनवर हा उपाय विशेष चालतो.

डीडीआर ५ आल्यापासून एक नवाच घोळ सुरू झाला. ही रॅम पहिल्यांदा बसवली की बोर्ड तिच्याशी जुळवून घ्यायला वेळ घेतो आणि कधी कधी काही मिनिटं पडदा काळाच राहतो. इंजिनिअरिंगच्या एका विद्यार्थ्याने प्रत्येक वेळी घाबरून अर्ध्यातच बटण दाबून मशीन बंद केलं होतं. आम्ही ते चालू केलं आणि त्याला शेजारच्या टपरीवर चहा प्यायला पाठवलं. तो परत येईपर्यंत डिस्प्ले आला होता. त्या दुरुस्तीचे पैसे आम्ही घेतले नाहीत, कारण दुरुस्त करण्यासारखं काही नव्हतंच.

खोक्यावर चालतो, कॅबिनेटमध्ये नाही

नवा बोर्ड कॅबिनेटमध्ये बसवला की सगळं मढ्यासारखं. बाहेर काढून त्याच्याच पुठ्ठ्याच्या खोक्यावर ठेवला, प्रोसेसर, एक रॅम आणि एसएमपीएस एवढंच जोडलं, पॉवर स्विचच्या दोन पिना स्क्रू ड्रायव्हरने क्षणभर जोडल्या, की पंखा फिरतो आणि डिस्प्ले येतो. असं झालं की आम्ही पुन्हा बोर्ड बसवायची घाई करत नाही. आधी रिकाम्या कॅबिनेटच्या पत्र्याकडे बघतो.

पत्र्यावर पितळेचे छोटे खांब असतात, बोर्ड त्यांच्यावर टेकतो. आधीच्या बोर्डासाठी लावलेला एखादा खांब नव्या बोर्डाच्या भोकाखाली येत नाही आणि भलत्याच जागी मागच्या टाक्यांना टेकतो. शॉर्ट होतो आणि एसएमपीएस शहाणपणाने स्वतःला बंद करून घेतो. तो एक खांब काढला की काम झालं. बोर्डाला इजा झालेली नसते, कारण संरक्षण वेळेवर धावून आलेलं असतं. अशा वेळी नवा बोर्ड विकणं अगदी सोपं असतं, गिऱ्हाईक मानसिक तयारी करूनच आलेलं असतं. म्हणूनच हा धंदा सचोटीने करायचा असेल तर खोक्यावरची ही परीक्षा कधीही टाळता येत नाही.

दिवाळी अंकाची पानं

आयडीई हार्डडिस्कच्या दिवसांतली ही गोष्ट. पुण्यात दिवाळी अंकांचे दिवस म्हणजे डीटीपीवाल्यांना झोप नाही. अशाच एका छोट्या ऑफिसात जुनी डिस्क भरली म्हणून ओळखीच्या मुलाने त्याच पट्टीला दुसरी डिस्क जोडली. मशीन सुरू झालं आणि डिस्क शोधण्याच्या टप्प्यावरच गोठलं. दोन्ही डिस्क दिसेनात. पेजमेकरमध्ये लावलेली अख्ख्या अंकाची पानं जुन्या डिस्कवर होती. कोणीतरी "क्रॅश झाली" असं म्हणून गेलं होतं. ऑफिस चालवणाऱ्या ताई आमच्याकडे आल्या तेव्हा त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं.

तेव्हाच्या डिस्कना मागच्या बाजूला जम्पर असायचा, नखाएवढी प्लॅस्टिकची टोपी. एका पट्टीवरच्या दोन डिस्कपैकी एक मास्टर आणि एक स्लेव्ह, हे त्या टोपीच्या जागेवरून ठरायचं. नवी डिस्क कारखान्यातून मास्टर म्हणूनच आली होती. दोघी एकाच नावाला ओ देत होत्या, म्हणून कोणाशीच बोलणं होत नव्हतं. आम्ही चिमट्याने टोपी एक घर सरकवली आणि मशीन सुरू केलं. सगळी पानं जागच्या जागी होती. त्याच बैठकीत ती सगळी सीडीवरही उतरवून दिली.

मशीन बूट होत नाही याचा अर्थ डेटा गेला असा होत नाही, हे ताईंना त्या दिवशी पटलं. मला ते वाक्य आजही दर आठवड्याला कोणाला तरी सांगावं लागतं. घाबरलेला माणूस फॉरमॅटला हो म्हणून बसतो, आणि तेव्हा मात्र नुकसान खरं होतं.

डिस्क गेली कुठे?

आजच्या बोर्डांवर जम्परचा त्रास संपला, पण त्याचा नवा अवतार आला. लग्नाचे फोटो काढणाऱ्या एका दादांनी वेग वाढावा म्हणून एम डॉट टू स्लॉटमध्ये नवीन एसएसडी बसवली. लगेच विंडोज असलेली जुनी साटा एसएसडी दिसेनाशी झाली. त्यांना वाटलं धक्का लागून जुनी गेली.

काही बोर्डांवर एम डॉट टू स्लॉट आणि काही साटा पोर्ट एकाच मार्गावर असतात. स्लॉट भरला की ते पोर्ट आपोआप बंद होतात. बोर्डाच्या पुस्तिकेत हे छोट्या अक्षरांत लिहिलेलं असतं आणि पुस्तिका बहुधा खोक्यातून बाहेरच आलेली नसते. आम्ही साटाची वायर पाचव्या पोर्टातून काढून पहिल्यात लावली आणि बायोसमध्ये जाऊन जुन्या डिस्कला बूटच्या यादीत वर आणलं. ही दुसरी पायरी विसरायची नाही, कारण नवी डिस्क दिसली की बरेच बोर्ड तिलाच पहिला मान देतात. ती रिकामी असते, आणि पडद्यावर योग्य बूट डिव्हाइस निवडा असा निरोप येतो. त्या निरोपात कोणाच्याही मरणाची बातमी नसते.

साडेचारशे वॅटचा स्टिकर

ग्राफिक्स कार्ड बसवल्यावर पंखे फिरतात आणि क्षणात थांबतात, किंवा गेम सुरू होताच मशीन बंद पडतं, ही तक्रार घेऊन मुलं येतात. "दादा, एसएमपीएस ४५० वॅटचा आहे, पुरायलाच पाहिजे." आम्ही तो बाहेर काढून बाजूचा तक्ता दाखवतो. मोठ्या अक्षरांतला ४५० विसरा, १२ व्होल्टच्या रकान्यात किती अँपिअर लिहिलेत ते बघा. तिथे १६ असेल तर १२ गुणिले १६ म्हणजे १९२ वॅट. कार्ड आणि प्रोसेसर मुख्यतः याच लाइनवर जगतात. कार्डाचा स्लॉट जास्तीत जास्त ७५ वॅट देतो, वरून लावायची आठ पिनांची वायर १५० वॅटपर्यंत. कार्डाला ती वायर हवी असताना ती न लावता चालवायला बघणारेही भेटतात, आणि ती लावूनही एसएमपीएस कमी पडणारेही.

या मुलांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आधी तपासावी लागते. मॉनिटरची वायर कार्डात लावली आहे की बोर्डाच्या जुन्या जागीच? ज्या प्रोसेसरमध्ये स्वतःचं ग्राफिक्स नसतं, तिथे बोर्डाच्या एचडीएमआयमधून काहीही येणार नाही. कॅबिनेट स्कूटरवर पायांत धरून शहराच्या दुसऱ्या टोकाहून आणलेलं असतं आणि उपाय एक वायर हलवण्याचा निघतो. त्या मुलाला कधी हसायचं नाही, हा आमच्या दुकानाचा नियम आहे. त्याने स्वतः मशीन उघडलं, ही धीराची गोष्ट आहे.

उसना प्रोसेसर

कधी सगळं बरोबर बसलेलं असतं आणि तरी मशीन उठत नाही, कारण बोर्ड नव्या प्रोसेसरला ओळखतच नाही. एएमडीचा एएम ४ सॉकेट २०१७ पासून कितीतरी पिढ्यांना पुरला. खाचा त्याच असल्या तरी नव्या पिढीसाठी बायोसची नवी आवृत्ती लागायची, आणि बायोस बदलायला मशीन आधी चालू व्हायला हवं. २०१८ साली ग्राफिक्ससह आलेल्या रायझन प्रोसेसरांच्या वेळी हा पेच इतका मोठा झाला की एएमडीने अडलेल्या गिऱ्हाइकांना बायोस अपडेट करण्यापुरता एक साधा प्रोसेसर उसना द्यायला सुरुवात केली. आमच्या ड्रॉवरमध्येही असा एक जुना प्रोसेसर जपून ठेवलेला असतो. काही बोर्डांवर आता पेन ड्राइव्ह लावून प्रोसेसरशिवायही बायोस बदलता येतो, आणि ही सोय असलेला बोर्ड घ्या असं मी प्रत्येकाला सांगतो.

प्रोसेसर बदलताना आणखी एक धोका असतो. विंडोजचं बिटलॉकर चालू असेल तर मोठा बदल झाल्यावर ते ४८ आकडी रिकव्हरी की मागतं. एका हिशेबनिसांच्या ऑफिसात असंच झालं. ती की त्यांच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात सापडली म्हणून सगळं निभावलं. की नसती, तर डिस्क धडधाकट असूनही आतलं काही वाचता आलं नसतं. म्हणून मशीन उघडायच्या आधी की शोधून कागदावर लिहून ठेवा.

घरच्या टेबलासाठी

आमच्या आतल्या टेबलावर जे चालतं ते तुमच्या घरच्या टेबलावरही चालेल. कॅबिनेट उघडण्याआधी सगळ्या वायरींचे मोबाइलवर फोटो काढा. वायर भिंतीतून काढून पॉवरचं बटण दाबून ठेवा म्हणजे उरलेली वीज निघून जाईल. एका वेळी एकच गोष्ट बदला. मशीन उठलं नाही तर शेवटी टाकलेला भाग काढा आणि जुन्या अवस्थेत ते चालतं का बघा. तेही जमलं नाही तर बोर्ड, प्रोसेसर, कूलर, एक रॅम आणि एसएमपीएस एवढ्यावर या. प्रोसेसरला स्वतःचं ग्राफिक्स नसेल तर कार्ड ठेवा. बायोसची सेटिंग मूळपदावर आणायची असतील तर वीज बंद करून नाण्यासारखा तीन व्होल्टचा सेल थोडा वेळ काढून ठेवा. नंतर एकेक भाग परत जोडा. ज्या भागाशी मशीन थांबेल, तिथेच शोधायचं.

एवढं करूनही दुकानात यावं लागलं तर सगळं खरं सांगा आणि तुमच्या डोळ्यांसमोर तपासायला सांगा. "बोर्ड गेला" असं कोणी म्हटलं तर शांतपणे विचारा : कशावरून? दुसऱ्या एसएमपीएसवर बघितला का? रॅम काढल्यावर बीप आली का? प्रामाणिक मेकॅनिकला हे प्रश्न आवडतात. असे प्रश्न विचारणारी गिऱ्हाइकं वाढली, तर भंगारात जाणारे कितीतरी चांगले बोर्ड वाचतील, आणि एखाद्या मुलाचं पहिलं मशीन आणखी काही वर्षं चालेल.