काशीचें विमान पुन्हां आकाशांत

यंत्र निकामी झालें म्हणजे तें मोडींत जावयाचें, हा व्यवहार सर्वांच्या परिचयाचा आहे. परंतु उघड्यावर पडून राहिलेलें एखादें लढाऊ विमान साठ वर्षांनंतर पुन्हां झेंप घेतें, तेव्हां या व्यवहारालाहि अपवाद असतो असें दिसून येतें. असें एक विमान काशीस सांपडलें.

हें विमान हॉकर हरिकेन जातीचें. त्याचा क्रमांक आर 4118. या जातीचें पहिलें विमान 1935 सालीं उडालें. त्याचें मर्लिन एंजिन 12 सिलिंडरांचें व सुमारें 1000 अश्वशक्तीचें. वेग ताशीं 500 किलोमीटरांहून अधिक. पुण्याहून सोलापूर रस्त्यानें दौंड तालुक्यांतील कासुर्डी गांठावयाची, तर अशा विमानाला पांच मिनिटें पुरतील. 1940 सालीं ब्रिटनवर झालेल्या हवाई युद्धांत आर 4118 नें 605 क्रमांकाच्या पथकांतून 49 उड्डाणें केलीं. 1943 सालीं तें हिंदुस्थानाकडे रवाना झालें, व युद्ध संपल्यावर विद्यार्थ्यांच्या अभ्यासाकरितां बनारस हिंदु विश्वविद्यालयास मिळालें. पुढें तें आवारांत तसेंच पडून राहिलें. 1982 सालीं पीटर व्हॅचर या इंग्रज गृहस्थांच्या तें दृष्टीस पडलें. परंतु प्रत्यक्ष हातीं येण्यास 2001 साल उजाडावें लागलें.

आतां, असें विमान दुरुस्त करणें इतकें कठीण कां? हरिकेनचा सांगाडा पोलादी नळ्यांचा असतो. त्या नळ्या वितळवून जोडलेल्या नसून पट्ट्या व बोल्ट यांनीं एकत्र बांधलेल्या असतात. त्यांवर लांकडी पट्ट्या बसवून वर लिननचें कापड ताणतात, आणि डोप नांवाचें रोगण देऊन तें घट्ट करतात. युद्धकाळीं ही रचना मोठी सोयीची ठरली. गोळीनें पडलेलें छिद्र कापडाच्या ठिगळानें बुजवितां येई. तीच रचना आज अडचणीची झाली आहे. पंखांचा भार वाहणाऱ्या तुळयांचें पोलाद विशिष्ट आकारांत लाटलेलें असून तसें आतां कोणी तयार करीत नाहीं. म्हणून प्रथम तें लाटण्याचीं साधनेंच घडवावीं लागतात. शिवाय नळीच्या आंत शिरलेला गंज बाहेरून दिसत नाहीं. तो शोधला नाहीं, तर त्याची किंमत वैमानिकाच्या प्राणांनीं मोजावी लागेल.

येथेंच खरा पेंच आहे. सगळेच भाग नवे घातले, तर जुना क्रमांक धारण करणारें तें नवेंच विमान होईल; जुने भाग तसेच ठेवले, तर तें उडूं शकणार नाहीं. कारागिरांचा नियम असा कीं, ज्यावर उड्डाणाचा भार येतो त्या भागाविषयीं तडजोड नाहीं. ज्यावर तो येत नाहीं तो भाग शक्य तों मूळचाच राखावा. काशीच्या विमानांतील पुष्कळसे मूळ भाग जागेवरच होते, हें त्याचें भाग्य. इंग्लंडांतील सफोक परगण्यांत हें काम झालें, आणि डिसेंबर 2004 मध्यें आर 4118 पुन्हां आकाशांत गेलें.

असें अमोल विमान उडवून धोक्यांत कां घालावें, असा आक्षेप कोणी घेईल. तो निराधार नाहीं. एका अपघातांत सर्व श्रम मातीस मिळतील. तथापि उडविण्याकरितांच बांधावें लागलें, म्हणून पोलाद लाटण्याची ती विद्या पुन्हां हस्तगत झाली, हेंहि विसरून चालणार नाहीं.

आणि हें सर्व घडलें तें एका क्रमांकामुळें. तो वाचला गेला नसता, तर तें नुसतें भंगार होतें. आपल्या जुन्या कार्यशाळांच्या कोपऱ्यांत पडलेलें यंत्र वजनावर विकण्यापूर्वीं त्यावरील धूळ पुसून क्रमांक वाचावा. त्याला खर्च कांहींच येत नाहीं.