गोदावरीचा माग, पाण्यातून आणि गाळातून

पाण्यात दर लिटरला 45 मिलिग्रॅमपेक्षा जास्त नायट्रेट निघाले, तर भारतीय मानकानुसार ते पिण्यायोग्य राहत नाही. नेहमीची चाचणी इतके सांगून थांबते. ते नायट्रेट शेतातल्या युरियाचे की गावच्या सांडपाण्याचे, हे तिला सांगता येत नाही, आणि वाद नेमका त्यावरच होतो. त्याचा माग समस्थानिकांवरून काढतात.

एकाच मूलद्रव्याचे कमी-जास्त वजनाचे अणू म्हणजे समस्थानिक. हवेतल्या नायट्रोजनच्या सुमारे 273 अणूंमध्ये एक जड, म्हणजे नायट्रोजन-15 असतो. रासायनिक खत हवेतल्याच नायट्रोजनपासून बनते, त्यामुळे त्यातले प्रमाण जवळपास हवेइतकेच राहते. मलमूत्र आणि शेण यांच्यातला हलका नायट्रोजन मात्र अमोनिया होऊन आधी उडतो आणि मागे जड अणूंचा वाटा वाढतो. सांडपाण्याच्या नायट्रेटमध्ये हा वाटा हवेच्या तुलनेत बहुधा हजारी 10 ते 20 इतका जास्त भरतो. एवढा बारीक फरक टिपायला मास स्पेक्ट्रोमीटर लागतो.

यंत्र कितीही चांगले असले तरी नमुना निष्काळजीपणे घेतला की सगळे मुसळ केरात. बाटलीतले जिवाणू प्रयोगशाळा गाठेपर्यंत नायट्रेट संपवत राहतात, म्हणून पाणी काठावरच 0.45 मायक्रॉनच्या गाळणीतून काढून गोठवतात. पाण्यातला ऑक्सिजन-18 मोजायचा असेल तर बाटली काठोकाठ भरून, बुडबुडाही न ठेवता झाकण आवळतात. बाष्पीभवनात हलके रेणू आधी निघून जातात, आणि थोडी वाफ गेली तरी आकडा बदलतो. याच गुणामुळे उन्हाळ्यात नदीत वाहणारे पाणी धरणात साठून तापलेले आहे की जमिनीखालून झिरपलेले, याचा अंदाज येतो. सेंद्रिय रसायनांसाठी काचेचीच बाटली हवी, कारण प्लास्टिकमधली द्रव्ये नमुन्यात उतरतात.

एकट्या नायट्रोजनवर मात्र विसंबता येत नाही. प्राणवायू नसलेल्या चिखलात जिवाणू हलके नायट्रेट आधी वापरतात, आणि उरलेले खताचे नायट्रेटही सांडपाण्यासारखे दिसू लागते. अशा वेळी दुसरा साक्षीदार लागतो. माणसाच्या आतड्यातले जिवाणू कोलेस्टेरॉलपासून कोप्रोस्टॅनॉल नावाचा पदार्थ बनवतात. गुरांच्या शेणात त्याऐवजी वनस्पतींच्या स्टेरॉलपासून झालेले त्याचे भाऊबंद जास्त असतात. हे पदार्थ गाळाला चिकटून राहतात, त्यामुळे मैला वाहून गेल्यावरही त्याचा पुरावा तळाशी सापडतो.

कार्बनचीही अशीच मदत होते. ऊस, ज्वारी, बाजरी, मका यांच्यात जड कार्बन-13 चे प्रमाण गहू, भात, तूर, साग यांच्यापेक्षा जास्त असते. नदीत मळी सोडली तर तिच्या कार्बनवर उसाची छाप असते. पण ज्वारीच्या रानातून धुपून आलेल्या मातीवरही तशीच छाप असते, तेव्हा केवळ या आकड्यावर कुणाला दोषी ठरवणे घाईचे होईल.

गाळातला हाच कार्बन हजारो वर्षे मागे नेतो. त्र्यंबकेश्वरजवळ उगम पावणारी गोदावरी 1465 किलोमीटर वाहून बंगालच्या उपसागराला मिळते. तिच्या मुखासमोर समुद्रतळातून काढलेल्या गाळाच्या उभ्या नमुन्यात पानांवरच्या मेणाचे रेणू टिकून आहेत. त्यांतल्या कार्बन-13 वरून दिसते की सुमारे 4000 ते 1700 वर्षांपूर्वीच्या काळात खोऱ्यात कोरड्या हवेत तगणारी झाडेझुडपे आणि गवते हळूहळू वाढत गेली. मोसमी पाऊस कमी होत होता. पाऊस घटला तर धूपही घटावी असे वाटते, पण गाळ उलटेच सांगतो: समुद्रात जाणारी माती वाढली. विरळ झालेल्या झाडोऱ्यामुळे जमीन उघडी पडली आणि पावसाळ्यातल्या सरींनी तिला ओरबाडले. पुढे दख्खनच्या पठारावर शेती पसरली तशी धूप आणखी वाढली. गाळातल्या सेंद्रिय कार्बनचे वयही वाढलेले आढळते, म्हणजे वरच्या ताज्या पाचोळ्याबरोबर खोलवरची जुनी मातीही वाहू लागली होती.

आता या गाळाचा मोठा हिस्सा पैठणच्या जायकवाडीसारख्या धरणांत अडकतो. त्यामुळे अलीकडची नोंद धरणांच्या तळाशीही शोधावी लागते. तिथल्या थरांचे वय ठरवायला शिसे-210 उपयोगी पडते. त्याचे अर्धायुष्य सुमारे 22 वर्षे असल्याने गेल्या शंभरेक वर्षांतले थर त्यावरून ओळखता येतात.