यशवंताची आई

सावित्रीबाई फुले हें नांव उच्चारलें, कीं शाळेच्या वाटेवर त्यांच्या अंगावर पडणारें शेण आणि शाळेंत पोंचल्यावर नेसावयाचें दुसरें लुगडें, एवढेंच चित्र बहुधा डोळ्यांपुढें उभें राहतें. चित्र खोटें नाहीं. परंतु तें सकाळचें आहे. सायंकाळीं ही शिक्षिका ज्या घरीं परत येई, त्या घरांत काय चालत असे, इकडे चरित्रवाचकांचें लक्ष फारसें जात नाहीं. तिची खरी शाळा पुष्कळ अंशीं तेथेंच भरत होती.

साताऱ्याकडील नायगांव येथें ३ जानेवारी १८३१ रोजीं सावित्रीबाईंचा जन्म झाला. १८४० सालीं लग्न झालें तेव्हां त्यांना अक्षरओळखही नव्हती. ती पुढें ज्योतीरावांनीं करून दिली. १८४८ सालीं बुधवार पेठेंतील भिड्यांच्या वाड्यांत मुलींची शाळा निघाली, आणि काल जी शिकत होती तीच आज शिकवूं लागली. १८५१-५२ मध्यें चिपळूणकरांचा वाडा, रास्ता पेठ व वेताळ पेठ अशा आणखी शाळा उघडल्या. शिकविणें कसें होतें हें विद्यार्थिनींवरून पाहावें. फुले पतिपत्नींच्या शाळेंतील मुक्ता साळवे या मांग समाजांतील मुलीनें मांग-महारांच्या दुःखाविषयीं लिहिलेला निबंध १८५५ सालीं ‘ज्ञानोदय’ पत्रानें छापला. पाठ केलेले धडे म्हणून दाखविणें निराळें आणि आपल्या लोकांचें दुःख आपल्या शब्दांत मांडणें निराळें. हें दुसरें त्या शाळेंत साधलें होतें.

सावित्रीबाईंना स्वतःचें मूल झालें नाहीं. त्या काळच्या घरांत याचा अर्थ काय होत असे, हें आजच्या गृहिणींनाही सांगावयास नको. परंतु त्यांच्या दारीं मुलें आलीं तीं निराळ्याच वाटेनें. पुण्यांत एका तरुण ब्राह्मण विधवेनें लोकलज्जेस्तव आपलें अर्भक मारलें आणि तिला काळ्या पाण्याची शिक्षा झाली. फसविणारा पुरुष मोकळा राहिला, शिक्षा झाली ती एकट्या आईला. हें पाहून ज्योतीरावांनीं व सावित्रीबाईंनीं १८६३ सालीं आपल्याच घरीं बालहत्याप्रतिबंधक गृह काढलें. ज्या विधवेवर असा प्रसंग येईल तिनें गुप्तपणें येऊन बाळंत व्हावें, मूल न्यावें किंवा ठेवावें, अशी सोय होती. ज्योतीरावांनीं १८८४ सालीं दिलेल्या माहितीप्रमाणें तोंवर ३५ विधवा तेथें येऊन गेल्या होत्या. कल्पना पतीची असो वा दोघांची. परंतु रात्रीं-अपरात्रीं दार उघडणें, शेक-शेगडी पाहणें, रडणारें मूल उचलणें हीं कामें घरच्या बाईनेंच केलीं, हें उघड आहे.

अशाच एका ब्राह्मण विधवेचा मुलगा या दांपत्यानें १८७४ सालीं दत्तक घेतला. तोच यशवंत. ब्राह्मणांना माळ्याच्या घरांत वाढलेला हा मुलगा आपला वाटेना, आणि भाऊबंदांना विधवेच्या पोटचा मुलगा वारस म्हणून चालेना. ज्योतीरावांनीं १८८७ सालीं मृत्युपत्र केलें त्यांत वारसा यशवंतास दिला. परंतु मुलगा लायक निघाला पाहिजे, हा कटाक्षही ठेवला. म्हणजे त्याला लायक करण्याचें ओझें आईवर अधिकच आलें. यशवंत पुढें डॉक्टर झाले.

लग्नाचा प्रश्न आला तेव्हां या जन्मकथेचीच अडचण पुढें उभी राहिली. अखेर ज्ञानोबा ससाणे यांची कन्या राधा हिच्याशीं ४ फेब्रुवारी १८८९ रोजीं सत्यशोधक पद्धतीनें विवाह झाला. सावित्रीबाईंनीं या मुलीला लग्नाआधींच आपल्या घरीं आणून ठेवलें. मुलामुलीनें एकमेकांस ओळखावें आणि मुलीचें शिक्षणही चालावें, हा त्यांतील हेतु. वराकडचीं माणसें मुलगी ‘पाहून’ जात त्या काळीं भावी सून घरीं शिकावयास आणणारी सासू विरळाच.

२८ नोव्हेंबर १८९० रोजीं ज्योतीराव वारले. प्रेतयात्रेच्या वेळीं टिटवें कोणी धरावयाचें यावरून तंटा निघाला. यशवंताचा अधिकार भाऊबंद मानीत ना. तेव्हां सावित्रीबाईंनीं स्वतः टिटवें हातीं घेतलें, त्या पुढें चालल्या आणि अग्निसंस्कारही त्यांनींच केला. स्त्रीनें केलेलें धैर्याचें कृत्य म्हणून हा प्रसंग सांगितला जातो, आणि तो तसा आहेच. परंतु मुलाचा चारचौघांत चाललेला अपमान आईनें त्या टिटव्याबरोबर उचलून घेतला, हेंही त्यांत आहे. पुढें १८९५ च्या मार्चमध्यें सूनही गेली.

१८९७ च्या आरंभीं पुण्यांत प्लेग पसरला. हाफकिन यांची लस मुंबईंत त्याच जानेवारींत नुकती तयार झाली होती, आणि रोग जडल्यावर देण्यासारखें खात्रीचें औषध तर कोणाजवळच नव्हतें. लोक घरें सोडून पळत होते. सावित्रीबाईंनीं लष्करी नोकरींत असलेल्या यशवंतास उलट पुण्याकडे बोलावून घेतलें! हडपसरजवळ ससाण्यांच्या मळ्यांत दवाखाना उघडला. मुलगा औषधोपचार करी, आणि वयाचीं सहासष्ट वर्षें उलटलेली आई रोगी गोळा करून आणी. मुंढव्याच्या महारवाड्यांतील एका आजारी मुलाला त्यांनीं पाठीवर घालून तेथें आणलें. मुलगा वांचला. सावित्रीबाईंना मात्र त्याच रोगानें गांठलें आणि १० मार्च १८९७ रोजीं त्या वारल्या.

डॉक्टर यशवंत पुन्हां नोकरीवर गेले. आठ वर्षांनीं पुण्यांत प्लेग असतां ते परत आले, रोग्यांत राबूं लागले, आणि १९०५ सालीं तेही प्लेगनेंच गेले.