नागकुळाचें पात्र : सोंगाच्या एका नव्या खेळाविषयीं

सोंग घेण्याची हौस मनुष्यमात्राच्या स्वभावांतच आहे. कोंकणांतल्या दशावतारांत दिवसभर नांगर धरणारा गृहस्थ रात्रीं संकासुर होऊन थैमान घालतो, आणि घरोघरचीं मुलें चादर पांघरून वाघ होतात. ह्याच हौसेचा एक नवा प्रकार अलीकडे दादर-गिरगांवांतील सुशिक्षित घरांतून दिसूं लागला आहे. चार-पांच तरुण मंडळी मेजाभोंवतीं बसतात. एकजण सूत्रधार होतो व बाकीचे एकेक पात्र घेतात. सूत्रधार प्रसंग सांगतो, पात्रें आपण काय करणार तें बोलून दाखवितात, आणि यशापयश ठरवितो वीस पैलूंचा फासा. सोंगट्या असल्या तर असतात. खेळाचा प्राण बोलण्यांत आहे. वडील मंडळींस हा निव्वळ गलका वाटतो. आम्हांस मात्र त्यांत विचार करण्याजोगें पुष्कळ आढळलें, म्हणून त्यांतील एकच प्रश्न येथें वाचकांपुढें ठेवितों.

ह्या प्रकारचा पहिला प्रसिद्ध खेळ ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा होय. गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन ह्या दोघां अमेरिकन गृहस्थांनीं तो १९७४ सालीं प्रसिद्ध केला. त्यांत खेळाडूनें मनुष्य व्हावें, अगर बुटका खाणकरी, अगर वनांतला दीर्घायुषी पुरुष व्हावें, अशी सोय होती. परंतु नांवांतच ड्रॅगन असल्यावर मुलांस तोच व्हावेंसें वाटणार! त्या पहिल्या पुस्तिकेंतच कर्त्यांनीं ह्यास मुभा दिली होती. अट एवढीच कीं, आरंभ लहान, दुबळ्या पिलापासून करावा आणि इतरांबरोबर पायरीपायरीनें चढत जावें. पुढें १९८४ च्या ‘ड्रॅगनलान्स’ कथामालेंत ड्रॅगनांच्या अंड्यांपासून दुष्ट मंत्रानें उत्पन्न केलेले सैनिक आले. १९९४ सालीं निवळ ड्रॅगनांनींच खेळावयाचा एक संच निघाला. शेवटीं २००८ च्या आवृत्तींत ‘ड्रॅगनबॉर्न’ नांवाचें, मनुष्यासारखें दोन पायांवर चालणारें, खवल्यांच्या अंगाचें कुळ मुख्य ग्रंथांत मानानें बसलें.

असें कुळ रचणाऱ्यापुढें पहिली अडचण न्यायाची असते. ड्रॅगन उडतो, आग ओकतो, शंभर माणसांस पुरून उरतो. पंक्तींत एकाच्याच पानावर साऱ्या जिलब्या वाढल्या तर बाकीच्यांनीं काय करावें? म्हणून २०१४ च्या आवृत्तींत ह्या कुळास पंख व शेपूट दोन्ही दिलीं नाहींत. मुखांतून आग, थंडी, वीज, आम्ल अगर विष ह्यांपैकीं पूर्वजाच्या रंगास अनुसरून एकच कांहीं निघावें, आणि एकदां तें वापरलें कीं विश्रांतीवांचून पुन्हां वापरतां येऊं नये, असा निर्बंध घातला. २०२४ च्या आवृत्तींत पंख मिळाले. परंतु पांचव्या पायरीवर, आणि तेही दहा मिनिटांपुरते. सामर्थ्य द्यावें, पण त्यास काळाची व श्रमाची मर्यादा असावी, हें ह्या विद्येचें पहिलें सूत्र होय.

आतां आमच्या मुलांनीं हा परका ड्रॅगनच घ्यावा कीं काय? युरोपांतल्या कथांतून तो बहुधा सोन्याच्या राशीवर बसतो आणि अखेर एखाद्या वीराच्या भाल्यानें मरतो. आमचा नाग पृथ्वी मस्तकावर तोलतो, समुद्रमंथनांत दोर होतो, आणि लालबाग-परळच्या मूर्तिशाळांतून दर वर्षीं गणपतीच्या उदराभोंवतीं गुंडाळला जातो. त्याच्या देहाचाही प्रश्न आमच्या शिल्पकारांनीं पूर्वींच सोडविला आहे. अजिंठ्याच्या एकोणिसाव्या लेण्याबाहेर नागराज व त्याची राणी बसलेलीं आहेत. अंग सर्वस्वीं मनुष्याचें, आणि मस्तकामागें फणा; राजास सात, राणीस एक. अशा पात्रास तरवार धरतां येते, जिना चढतां येतो, पंक्तीस बसतां येतें. खेळास आणखी काय पाहिजे?

गुण ठरविण्यास अमरकोश उघडावा. तेथें सर्पास ‘चक्षुःश्रवा’ म्हटलें आहे, म्हणजे डोळ्यांनीं ऐकणारा. सर्पास बाहेरचे कान नसतात व जमिनीचा कंप त्यास जबड्याच्या हाडांतून कळतो, हें आजचें प्राणिशास्त्र सांगतें. तेव्हां नागकुळाच्या पात्रास भिंतीपलीकडचें पाऊल ओळखतां यावें, पण गलक्यांत कुजबूज ऐकूं येऊं नये. ‘पवनाशन’ म्हणजे वारा खाऊन राहणारा. त्यानें पुष्कळ दिवस उपास काढावा. ‘गूढपाद्’ म्हणजे ज्याचे पाय दिसत नाहींत. त्याचा माग सहसा लागूं नये. एकेका नांवांत एकेक नियम तयार आहे. पाठांतर केलेला कोश असा कामीं येईल हें आमच्या शास्त्रीबोवांच्या स्वप्नींही नसेल.

मुखांतल्या आगीच्या जागीं काय द्यावें, ह्याचें उत्तर परळांतच मिळतें. डॉ. हाफकिन ह्यांची प्लेगसंशोधनाची प्रयोगशाळा १८९९ सालीं परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसांत आली, आणि १९२५ पासून ती हाफकिन इन्स्टिट्यूट ह्या नांवानें ओळखली जाते. सर्पविषाच्या अभ्यासाबद्दलही ह्या संस्थेचा लौकिक आहे. घोड्यास विषाच्या थोड्या थोड्या मात्रा टोंचून त्याच्या रक्तांत जो प्रतिकार उत्पन्न होतो, त्यापासून उतारा काढितात. आणि आपल्याकडील उतारा नाग, मण्यार, घोणस व फुरसें ह्या चौघांच्या विषांवर मिळून असतो. हीं चारच आमच्या कुळाचीं चार घराणीं समजावीं. नाग व मण्यार ह्यांचें विष मज्जातंतूंवर चालतें, अंग लुळें पडून श्वास कोंडतो. घोणस व फुरसें ह्यांचें विष रक्त बिघडवितें. स्वभावही चार. नाग फणा काढून आधीं बजावतो. मण्यार रात्रीं निःशब्द येते, व तिचा दंश झोपलेल्यास पुष्कळदां कळतही नाहीं. घोणस मोठ्यानें फूत्कारते. आणि कोंकणांतलें चिमुकलें फुरसें खवल्यांवर खवले घांसून करवतीसारखा आवाज काढतें. ड्रॅगनाच्या दहा रंगांपेक्षां ही विभागणी आम्हांस अधिक सरस वाटते, कारण ती खरी आहे.

विष हें केवळ मारण्यासाठींच असावें असेंही नाहीं. वणव्यांतून सोडविलेल्या कर्कोटकानें नलास दंश केला, त्यानें नलाचें रूप पालटलें. परंतु तें विष नलास न बाधतां त्याच्या अंगांत शिरलेल्या कलीस जाळीत राहिलें. उलूपीनें मण्याच्या योगें मेलेल्या अर्जुनास उठविलें. तेव्हां वेष पालटविणारें विष आणि एकदांच उपयोगी पडणारा मणि, हे दोन गुण वरच्या पायऱ्यांसाठीं राखून ठेवावे. दोषही हवेतच : गरुडाच्या सावलीचें भय, आणि कद्रूचा शाप. आईनें सांगितलेलें कपट करण्यास नकार दिला म्हणून आईनेंच मुलांस शापिलें, ही कथा ज्या पात्राच्या मागें आहे, त्यास खेळांत बोलण्यास विषय कमी पडणार नाहीं.

येथपर्यंत करमणूक झाली. आतां मुद्द्याकडे येतों. अमुक कुळांत जन्मला म्हणून बळकट, तमुक कुळांत जन्मला म्हणून क्रूर, असे नियम ह्या खेळांत पुष्कळ वर्षें होते. खेळणाऱ्यांसच तें खुपूं लागलें. २०२० सालीं जन्मानुसार मिळणारे वाढीव गुण बदलून घेण्याची मोकळीक मिळाली. २०२४ च्या ग्रंथांत ते गुण जन्माऐवजीं पात्राच्या पूर्वायुष्यास, म्हणजे शिक्षणास व व्यवसायास जोडले, आणि मनुष्यवंशवाचक जुना शब्द काढून प्राणिभेदवाचक नवा घातला. मराठींत खेळणारीं मुलें जेव्हां ‘माझी जात नाग’ असें म्हणतात, तेव्हां आमच्या घरांनीं तर कान टवकारलेच पाहिजेत. ‘त्या जातीचे सगळे तसलेच’ हें वाक्य आमच्या माजघरांतून किती पिढ्या बोललें गेलें, तें वाचकांस सांगावयास नको. म्हणून ‘कुळ’ म्हणावें. आणि कुळानें देह द्यावा, शील देऊं नये. एकाच कद्रूच्या पोटीं शेष झाला आणि तक्षकही झाला. शेष भावांचा मत्सर पाहून दूर गेला व तपानें पृथ्वीचा आधार झाला. तक्षकानें परीक्षितीचा प्राण घेतला.

शिवाय नाग हे सर्वांच्या दृष्टीनें कल्पित प्राणी नाहींत. इरावतीबाई कर्वे ह्यांनीं ‘युगान्त’ ह्या ग्रंथांत खांडववनांतल्या नागांकडे माणसें म्हणूनच पाहिलें. परळच्या चाळींत पुष्कळ वर्षें काढलेले व पुढें दादरच्या ‘राजगृहां’त राहिलेले डॉ. आंबेडकर ह्यांनीं १४ ऑक्टोबर १९५६ रोजीं नागपुरीं धर्मदीक्षा घेतली. आणि नागपूरच कां निवडलें हें दुसऱ्या दिवशीं सांगतांना, नाग लोकांनीं बुद्धधर्माच्या प्रसारासाठीं केलेल्या कार्याचा उल्लेख केला. ज्यांस कोणी आपले पूर्वज मानतो, त्यांस नुसते मारावयाचे राक्षस म्हणून पटावर मांडणें बरें नव्हे. मेजाभोंवतीं बसलेल्या मित्रांत असा एखादा असेलही, आणि असावा.

असो. ज्या घरीं हा खेळ चालतो, तेथील वडील मंडळींस आमची एक सूचना आहे. येत्या नागपंचमीस पूजा झाल्यावर मुलांस सर्पसत्राचा प्रसंग मांडावयास सांगावें. एकानें जनमेजय व्हावें. बापाच्या मृत्यूचें त्याचें दुःख खरें आहे. एकानें आस्तीक व्हावें. त्याची आई नागकन्या, बाप ब्राह्मण ऋषि. दोन्ही कुळांचें रक्त त्याच्या अंगीं आहे. एकाच्या अपराधासाठीं सबंध कुळ अग्नींत पडत आहे, तक्षक वरून खालीं येत आहे, आणि आस्तीकाच्या हातीं शस्त्र नाहीं, विष नाहीं, केवळ वाणी आहे. आस्तीकानें काय बोलावें, आणि राजानें कोणत्या शब्दास वळावें, हें मुलांचें त्यांनींच ठरवूं द्यावें. फासा त्या वेळेपुरता डब्यांत ठेवावा; आणि खेळ संपल्यावर महाभारतांत काय झालें तें आजोबांनीं वाचून दाखवावें.