व्यायाम आणि थकवा

व्यायामाने अंगात हुशारी येते, असे आम्ही सारेच सांगत असतो. पण नेमाने व्यायाम सुरू केला की दुसऱ्या आठवड्यात अंग मोडून येते, दुपारी डोळे मिटू लागतात, आणि 'आपल्याला हे मानवत नाही' असा निकाल देऊन पुष्कळजण मोकळे होतात. आमच्या मते हा निकाल घाईचा आहे.

सवय नसलेल्या स्नायूंच्या तंतूंना श्रमाने सूक्ष्म इजा होते. तिचे दुखणे एक ते तीन दिवसांनी सर्वाधिक जाणवते. स्नायूंत साठविलेली साखर, म्हणजे ग्लायकोजेन, खर्च होते. ती भरून यावयास अन्न आणि वेळ लागतो. शक्ती वाढते ती या डागडुजीत, म्हणजे विश्रांतीत. म्हणून आरंभी एक दिवसाआड व्यायाम करावा, पोटभर जेवावे, पुरेसे झोपावे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली प्रौढांना आठवड्यास १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रम सांगितले, तेही थोड्यापासून सुरुवात करूनच.

परंतु महिना उलटूनही थकवा हटत नसेल, तर रक्त तपासून घ्यावे. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या भारतीय स्त्रियांपैकी ५७ टक्के रक्तक्षयी आढळल्या. हिमोग्लोबिनच कमी असेल तर स्नायूंना प्राणवायू पुरत नाही. तेथे चिकाटीचा उपदेश व्यर्थ होय. छातीत दुखले किंवा भोवळ आली, तर मात्र व्यायाम थांबवून तत्काळ डॉक्टर गाठावा. एरवीचा थकवा हा शरीर कामास लागल्याची खूण समजावी.