योवा : दहा महिन्यांचे युग आणि एक अक्षर

वर्षे मोजण्याची आपली रीत सरळ आहे. शालिवाहन शक असो, इसवी सन असो वा बुद्ध संवत असो, आरंभाचा एक बिंदू ठरतो आणि तेथून वर्षांची संख्या अखंड वाढत जाते. जपानने मात्र निराळी पद्धत स्वीकारली. तेथे सम्राटाच्या नावे त्या काळाला एक शुभनाम देण्यात येते आणि गणना पुन्हा एकपासून सुरू होते. या नामास ‘नेंगो’ म्हणतात. पहिले नेंगो इ. स. ६४५ मध्ये आले आणि ७०१ पासून ही परंपरा खंडित झालेली नाही. एका सम्राटाच्या कारकिर्दीस एकच नाव, हा नियम मात्र १८६८ पासूनचा आहे. त्यापूर्वी नवा सम्राट आला, शुभशकुन घडला, अथवा भूकंप, दुष्काळ, रोगराई ओढवली, की नाव बदलले जाई. नावाबरोबर अशुभही सरेल, अशी त्यामागील श्रद्धा होती.

या दीर्घ नामावलीतील एका अल्पायुषी युगाचा परिचय आम्ही येथे करून देत आहोत. त्याचे नाव ‘योवा’. ऑगस्ट ११८१ मध्ये ते सुरू झाले आणि जून ११८२ मध्ये संपले. ‘यो’ या अक्षराचा अर्थ पोषण व ‘वा’ या अक्षराचा अर्थ सलोखा. प्रत्यक्षात त्या दहा महिन्यांत जपानच्या राजधानीस, म्हणजे क्योटोस, ना पोषण लाभले ना सलोखा.

त्या वेळी सिंहासनावर आन्तोकू हा जेमतेम तीन वर्षांचा बालक होता. त्याचा मातामह ताइरा नो कियोमोरी याने आपल्या घराण्याच्या बळावर त्याला १١८० मध्ये गादीवर बसविले होते. त्याच वर्षी प्रतिस्पर्धी मिनामोतो घराण्याने शस्त्र उचलले आणि पाच वर्षांचे यादवी युद्ध पेटले. ११८१ च्या आरंभी ताइरांच्या सैन्याने नारा येथील मोठे विहार जाळले. त्या आगीत तोदाइजी विहारातील वैरोचन बुद्धांची प्रचंड कांस्यमूर्ती भग्न झाली. काही आठवड्यांतच कियोमोरीही मरण पावला. बालसम्राटाच्या राज्यारोहणानिमित्त ‘योवा’ हे मंगल नाव जाहीर झाले, ते या पार्श्वभूमीवर.

हे नाव सर्वांनी मानले असेही नाही. पूर्वेकडे कामाकुरा येथे तळ ठोकून बसलेल्या मिनामोतो नो योरितोमो याने ताइरांच्या हातातील दरबाराचे नवे युगनाम स्वीकारलेच नाही. तो आपल्या कागदपत्रांवर ‘जिशो’ हे आधीचेच नाव घालीत राहिला. ११८३ मध्ये दरबाराशी त्याचा समेट होईपर्यंत हे चालले. म्हणजे एकच दिवस क्योटोत योवाच्या दुसऱ्या वर्षाचा, तर कामाकुरात जिशोच्या सहाव्या वर्षाचा असे. पत्रावरील तारीख वाचली, की लिहिणारा कोणत्या पक्षाचा हे कळे.

यादवीच्या जोडीला निसर्गही कोपला. आधी अवर्षण, मग वादळे आणि पूर. पिके हातची गेली. क्योटो हे स्वतः धान्य पिकविणारे नगर नव्हते; प्रांतांतून येणाऱ्या करावर व मालावर ते जगत होते. युद्धामुळे पूर्वेचे प्रांत दरबाराच्या हातून निसटले, वाटा अडल्या आणि नगर उपाशी पडले. दुसऱ्या वर्षी भुकेच्या पाठोपाठ रोगराई आली. दोन्ही सैन्यांना अन्न मिळेना, तेव्हा युद्धही मंदावले.

त्या काळी विशीत असलेल्या कामो नो चोमेई याने हे सारे पाहिले आणि पुढे भिक्खू झाल्यावर १२१२ मध्ये ‘होजोकी’ या लहानशा ग्रंथात नोंदविले. लोक आपली घरे मोडून लाकूड विकीत होते. विकावयास आलेल्या सरपणात कधी लाल रंगाचे, सोन्याचा वर्ख असलेले तुकडे दिसत. ते विहारांतून चोरून फोडलेल्या बुद्धमूर्तींचे होते. ज्याचे प्रेम अधिक तो आधी मरे, असेही चोमेई सांगतो. कारण मिळालेला घास तो दुसऱ्यास देई. आईबाप मुलांच्या आधी गेले ते यामुळेच.

याच ग्रंथात र्‍यूग्यो नावाच्या भिक्खूची हकिकत आहे. तो क्योटोच्या निन्नाजी या शिंगोन पंथीय विहारातील. रस्त्यात पडलेल्या प्रेतांना अग्नी देणारे कोणी उरले नव्हते. र्‍यूग्यो प्रत्येक प्रेतापाशी जाई आणि त्याच्या कपाळावर एक अक्षर लिही. ते अक्षर होते ‘अ’. आपल्या मुळाक्षरांच्या आरंभी असलेले हेच ते अक्षर.

संस्कृत वर्ण जपानात पोहोचले ते बौद्ध ग्रंथांबरोबर. तेथे ते ‘सिद्धम्’ लिपीत लिहीत. ती लिपी आणि आपली देवनागरी, दोन्ही ब्राह्मीच्याच वंशातील. ८०४ मध्ये चीनला गेलेल्या कूकाई या भिक्खूने शिंगोन पंथ जपानात रुजविला. त्या पंथात ‘अ’ हे अनुत्पादाचे, म्हणजे ज्याला जन्म नाही आणि म्हणून मरणही नाही अशा तत्त्वाचे चिन्ह मानले जाते. मृताचा त्या तत्त्वाशी संबंध जुळावा, हा र्‍यूग्योचा हेतू होता.

चौथ्या व पाचव्या चांद्रमासांत मोजलेल्या अशा मृतांची संख्या ४२,३०० हून अधिक भरली. ही गणना क्योटोच्या केवळ पूर्वार्धाची होती. आधी व नंतर मेलेले, नगराबाहेरचे आणि प्रांतांतील लोक तीत नाहीत. त्याच पाचव्या महिन्यात दरबाराने ‘योवा’ हे नाव टाकून ‘जुएई’ हे नवे नाव घेतले. दुष्काळ त्याने हटला नाही.

तरीही त्या दहा महिन्यांत आणखी एक काम सुरू झाले. चोगेन या साठीतल्या भिक्खूवर तोदाइजीच्या पुनर्बांधणीसाठी दान गोळा करण्याची जबाबदारी आली. तो गावोगाव हिंडला. चिनी ओतारी कारागिरांच्या साह्याने मूर्ती पुन्हा उभी राहिली आणि ११८५ मध्ये तिचा नेत्रोन्मीलन सोहळा झाला. ७५२ मध्ये याच मूर्तीचे नेत्र भारतातून गेलेल्या बोधिसेन या भिक्खूने रेखले होते. त्या वेळची लेखणी जपून ठेवलेली होती. ४३३ वर्षांनी निवृत्त सम्राट गो-शिराकावाने तीच हाती घेतली.

युगाला ‘पोषण’ म्हटल्याने कोणाचे पोट भरत नाही, हे योवाने दाखविले. परंतु ज्यांची दखल घेण्यास कोणी उरले नव्हते अशा हजारो अनामिकांपाशी एक भिक्खू थांबला, त्याने त्यांना मोजले आणि आपल्याकडचे सर्वांत मोलाचे अक्षर त्यांच्या कपाळी लिहिले, हेही त्याच युगात घडले. आपल्या मुलांच्या हाती पाटी देताना आणि त्यांच्याकडून पहिले अक्षर गिरवून घेताना, ते अक्षर कोठवर जाऊन आले आहे याची आठवण आपण ठेवावी, एवढ्यासाठी हा लेखनप्रपंच.